गोदूताई परुळेकर : तीन राजवटींच्या पाळतीखालचे आयुष्य

दरवर्षी २ ऑगस्टला आपण सिल्वाशात मुक्तिदिन साजरा करतो. १९५४ साली दादरा, नरोली आणि मग सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून कसे सुटले, याची उजळणी भाषणांतून होते आणि सुधीर फडके यांचे नाव आपल्या मंडळात अभिमानाने घेतले जाते. पण याच्या नऊ वर्षे आधी, आपल्या सीमेला लागून असलेल्या तलासरी, उंबरगाव, डहाणूच्या पट्ट्यात आणखी एक मुक्तिलढा झाला होता. तो वारली शेतमजुरांनी जमीनदार आणि सावकारांविरुद्ध दिला होता. त्याच्या आघाडीवर पुण्यात वाढलेली, कायद्याची पदवी घेतलेली एक मराठी बाई होती. तिचे नाव गोदावरी परुळेकर. लोक त्यांना गोदूताई म्हणत.

आपल्या कारखान्यांत, बाजारात, घरकामाला येणाऱ्या माणसांत वारली आहेत. आपल्या घरांच्या भिंतींवर वारली चित्रे आहेत. तरी या लोकांच्या आजोबांनी काय सोसले आणि ते कसे उभे राहिले, हे आपल्यापैकी अनेकांना, विशेषतः इथे जन्मलेल्या मुलांना, माहीत नसते. म्हणून हा परिचय. यात एक धागा मुद्दाम धरला आहे. गोदूताईंच्या मागे आधी इंग्रज सरकारचे, मग प्रांतिक काँग्रेस सरकारचे आणि पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारचे पोलीस राहिले. राज्य करणारे बदलले, त्यांच्यावरची पाळत मात्र सुटली नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

वकिलाची मुलगी

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील लक्ष्मणराव गोखले नामांकित वकील होते. घर सुखवस्तू, सुशिक्षित आणि नेमस्त विचारांचे. गोदावरी फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकल्या, नंतर त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वडिलांचा व्यवसाय पुढे चालवून प्रतिष्ठेने जगण्याची वाट त्यांच्यासाठी तयार होती.

त्यांनी ती घेतली नाही. कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रह करून त्या तुरुंगात गेल्या. घरच्यांना हे मानवणारे नव्हते. मुलगी घर सोडून मुंबईला आली आणि समाजकार्यात पडली. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. साक्षरतेची मोहीम, घरकाम करणाऱ्यांची संघटना, खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांचे मेळावे अशी कामे त्यांनी हाती घेतली.

याच संस्थेत त्यांची शामराव परुळेकरांशी ओळख झाली. शामराव कामगार चळवळीतले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात निवडून आले होते आणि कोकणातल्या खोती पद्धतीविरुद्ध १९३८ च्या जानेवारीत मुंबईत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यात ते आघाडीवर होते. १९३९ साली दोघांचे लग्न झाले. त्याच सुमारास दोघांनी भारत सेवक समाज सोडला आणि कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. दुसरे महायुद्ध सुरू होताच युद्धविरोधी प्रचारासाठी दोघांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४२ मध्ये सुटका झाली.

मुंबई इलाख्याच्या पोलिसांकडे त्या काळी राजकीय कार्यकर्त्यांवर नजर ठेवण्याची पक्की व्यवस्था होती. सभेत साध्या वेषातला माणूस बसून भाषण टिपून घेई. जिल्ह्याजिल्ह्यांतून गुप्त वृत्तांत येत आणि दर आठवड्याला त्यांचा गोषवारा सरकारपुढे जाई. टिळकांच्या काळापासून हे चालत आले होते. दोन वर्षे तुरुंगात काढलेले हे जोडपे आता त्या व्यवस्थेला पुरते माहीत झाले होते.

सरकारला आधीच ठाऊक असलेली गोष्ट

गोदूताई वारल्यांमध्ये पोचल्या तेव्हा तिथे काय चालू होते, हे सरकारला माहीत नव्हते असे नाही. डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी करून १९३९ साली सरकारला अहवाल दिला होता. जमीनदार आणि सावकार वारल्यांना कसे राबवतात, वेठ कशी घेतात, कर्जात माणसे कशी अडकतात, हे त्यात सरकारी भाषेत स्पष्ट लिहिलेले होते.

वेठ म्हणजे फुकटचे सक्तीचे काम. जमीनदाराच्या शेतावर आधी राबायचे, मग वेळ उरला तर स्वतःच्या. जंगलाचा ठेकेदार, सरकारी शिपाई, येणारा जाणारा अंमलदार, सगळ्यांचे ओझे वाहायचे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी आणायची आणि सुगीला ती दीडपटीने फेडायची. सर्वांत वाईट प्रकार लग्नगडीचा. लग्नासाठी थोडे पैसे उसने घेतले की तो तरुण सावकाराचा गडी होई, त्याच्या मागोमाग बायकोही त्या घरी राबू लागे आणि पुढे मुलेही. कर्ज कधी फिटले हे सांगायचा अधिकार सावकाराचाच. कामाला नकार दिला तर झाडाला बांधून फटके मारायचे.

ज्या जमिनीवर हे सगळे चाले ती काही पिढ्यांपूर्वी बहुतेक या वारल्यांचीच होती. इंग्रजी सारापद्धती आली, कागदपत्रे आली, कोर्ट आले आणि कागद वाचता न येणाऱ्याची जमीन कागद वाचता येणाऱ्याच्या नावावर गेली. कायदा शिकलेल्या गोदूताईंना हे उमगायला फार वेळ लागला नसेल.

टिटवाळा ते झरी

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातले काही वारली तिथे आले होते. त्यांच्यातले माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची स्थिती परिषदेपुढे सांगितली. त्यांच्याबरोबर आधी शामराव आणि मग गोदूताई वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या.

सुरुवातीला मोठी अडचण भीतीची होती. परकी पांढरपेशी माणसे म्हणजे एक तर सावकाराची नाही तर सरकारची, हाच वारल्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. कोणी मोकळेपणी बोलत नसे. गोदूताई पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, जे शिजेल ते खाल्ले, त्यांची बोली कानावर बसवून घेतली. वारली बोली मराठीला जवळची असली तरी पुणेरी कानाला ती सहज समजणारी नव्हे. या दिवसांचे तपशील पुढे त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहेत.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. सुमारे पाच हजार वारली जमले. परिषदेने ठरवले ते थोडक्यात असे : वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही आणि लग्नगड्यांना मोकळे करायचे. यात कायद्याविरुद्ध काहीच नव्हते. वेठ घेणे हाच खरा बेकायदेशीर प्रकार होता. परिषदेहून परतलेल्या माणसांनी गावोगावी हा निरोप पोचवला आणि काही आठवड्यांत वेठीला नकार देण्याची लाट पसरली. लग्नगड्यांच्या सुटकेसाठी वारली जमावाने सावकारांच्या दारात जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली प्रथा एका पावसाळ्यात मोडली.

इथूनच पाळत कडक झाली. बारा आण्यांचा प्रश्न त्यामानाने लहान होता. काल खाली मान घालून उभा राहणारा माणूस आज तोंड वर करून नाही म्हणतो, हे जमीनदारांना सोसण्यासारखे नव्हते. शांतता धोक्यात आहे, बाहेरून आलेली बाई लोकांना चिथावते आहे, अशा तक्रारी त्यांच्याकडून अधिकाऱ्यांकडे जाऊ लागल्या. सरकारने सिमिंग्टनचा अहवाल बाजूला ठेवला आणि या तक्रारींवर विश्वास ठेवला.

तलवाड्याचा गोळीबार

ऑक्टोबर हा गवतकापणीचा हंगाम. या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि त्यात मोठा नफा होता. किसान सभेने पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये दर मागितला आणि संप पुकारला. जमीनदार हटून बसले.

त्यानंतर जे घडले त्याची गोदूताईंनी दिलेली हकीकत विचार करायला लावणारी आहे. गोदूताईंची सभा तलवाड्याला आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, म्हणून हत्यारे घेऊन या, अशी हूल जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर उठवली. हजारो वारली आपल्या बाईला वाचवायला धावले. तिकडे सरकारला कळवण्यात आले की, सशस्त्र वारली दंगलीच्या तयारीने जमले आहेत. गोदूताई तिथे नव्हत्याच. सभाही ठरलेली नव्हती. १० ऑक्टोबर १९४५ ला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार वारली ठार झाले.

माणसांना एकत्र आणणारे जे नाव होते, त्याच नावाचा सापळा करण्यात आला. लोकांच्या मनात गोदूताईंविषयी प्रेम नसते तर ही अफवा चाललीच नसती. पोलिसांच्या मनात त्यांच्याविषयी आधीच संशय पेरलेला नसता तर दुसरी अफवाही चालली नसती. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेने निदान एवढे तरी तपासायला हवे होते की, ज्या बाईच्या सभेची बातमी आहे ती आहे कुठे.

गोळीबारानंतर सभाबंदी आली, पोलिसांच्या जादा तुकड्या आल्या, धरपकड झाली. संपकऱ्यांनी मात्र काम सुरू केले नाही. शेवटी गवताचा दर वाढवून द्यावा लागला.

आपल्या माणसांच्या राज्यात तडीपारी

एप्रिल १९४६ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले, मोरारजी देसाई गृहमंत्री. खेरांना आदिवासींविषयी आस्था नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींसाठी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ उभे करण्यात त्यांचाच पुढाकार होता. बोर्डीच्या आचार्य भिसे यांच्यासारखी निरलस माणसे त्या कामात होती. शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांतून हळूहळू सुधारणा व्हावी, हा त्यांचा मार्ग.

१९४६ च्या हंगामात जंगलकामगारांनी सव्वा रुपया रोजासाठी संप केला. लाकडाच्या ठेकेदारांचे काम अडले. सरकारने गोदूताई, शामराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. ज्या जिल्ह्यात त्यांचे काम, त्यांची माणसे, त्यांचे घर म्हणावे असे सगळे होते, तिथे पाय ठेवायला बंदी. त्यांच्यावर खटला चालला नव्हता, कोणता गुन्हाही शाबीत झाला नव्हता. शेकडो वारल्यांना अटक झाली. जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. स्वातंत्र्याला तेव्हा सात महिने उरले होते.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. तो काळ अस्वस्थतेचा होता. देशात दंगली पेटलेल्या, तिकडे हैदराबाद संस्थानात तेलंगणचा सशस्त्र लढा सुरू होत होता आणि १९४८ साली कम्युनिस्ट पक्षाने स्वतःच उठावाची भाषा स्वीकारली. राज्यकर्त्यांना वाटणारी काळजी अगदीच पोकळ नव्हती. पण ठाण्याच्या जंगलात मागणी होती ती रोजच्या मजुरीची, आणि तीही अखेर लाकूड व्यापाऱ्यांना मान्य करावी लागली. पक्षाविषयीचा संशय आणि मजुरांची मागणी यांतला फरक सरकारने केला नाही. त्याची किंमत नानिवलीच्या लोकांनी मोजली.

हद्दपारीचा हुकूम काढणाऱ्यांचा हिशेब सोपा होता. बाई बाहेर गेली की आग विझेल. तो हिशेब चुकला, कारण वर्षभरात वारल्यांमधून कार्यकर्ते तयार झाले होते. निरोप एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला आता पुण्या-मुंबईच्या माणसाची गरज उरली नव्हती. गोदूताईंच्या कामाचे सगळ्यात मोठे यश कोणते, असे विचारले तर हेच सांगावे लागेल.

भूमिगत आणि तुरुंग

त्यानंतरची काही वर्षे बंदी, भूमिगत वास्तव्य आणि अटक यांत गेली. जंगलात, पाड्यांवर त्यांना लपवणारे वारलीच होते. पोलिसांनी गावे पिंजून काढली, माणसांना मारझोड केली, तरी लोकांनी त्यांना धरून दिले नाही. ज्यांच्या घरात उद्याच्या भाकरीची खात्री नव्हती त्यांनी हे केले.

१९५० साली भारताचे संविधान लागू झाले. त्याच वर्षी संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. गुन्हा घडण्याआधीच, केवळ तो घडेल या संशयावरून, माणसाला खटल्याविना तुरुंगात ठेवण्याची मुभा त्याने सरकारला दिली. या कायद्याला पहिले आव्हान देणारे ए. के. गोपालन हेही केरळचे कम्युनिस्ट नेते आणि शेतकरी चळवळीतले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बहुतांश कायदा वैध ठरवला. परुळेकर पतिपत्नीही या काळात तुरुंगात गेली.

महाराष्ट्राला असल्या तरतुदी नव्या नव्हत्या. १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना खटल्याविना अटकेत ठेवले होते, तेव्हा सारे पुणे हळहळले होते. इंग्रजांनी वापरलेले हत्यार स्वराज्याने टाकून दिले नाही, त्यावर नवे नाव घातले. तडीपारीही पोलीस कायद्यात राहिली आणि आजही आहे.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. ज्या जिल्ह्यातून त्यांना हद्दपार केले होते, त्याच जिल्ह्याने त्यांना दिल्लीला पाठवले. पण १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले आणि भारत संरक्षण नियमांखाली देशभरातल्या कम्युनिस्टांना पकडण्यात आले, त्यांत हे दोघेही होते. पक्ष १९६४ मध्ये फुटल्यावर ते मार्क्सवादी पक्षात गेले आणि पुन्हा धरपकड झाली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामरावांचे स्थानबद्धतेतच निधन झाले. गोदूताईही तेव्हा बंदिवासातच होत्या. सव्वीस वर्षांच्या संसारातला मोठा भाग तुरुंग, तडीपारी आणि भूमिगत राहण्यात गेला होता.

सगळा मिळून किती काळ त्या तुरुंगात होत्या, हे त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच आहे : 'बंदिवासाची आठ वर्षे'.

पाळत कशावर होती?

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन तिथल्या केंद्रीय तपास संस्थेने, एफबीआयने, चोरून ऐकले. १९६३ मध्ये त्याला ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांची मंजुरी होती. १९६४ मध्ये एफबीआयकडून किंग यांना मन खचवणारे एक निनावी पत्रही पाठवले गेले. पुढे १९७५-७६ मध्ये सिनेटच्या चौकशी समितीने हे सारे उघड केले. तिथेही कारण सांगितले गेले ते किंग यांच्या भोवतालच्या कम्युनिस्टांचे.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. सत्तेने नेत्यावर नजर ठेवली, पण तिला खरी धास्ती होती नेत्यामागच्या लोकांची. वारल्यांची वेठ कायद्याच्या आधाराने चालत नव्हती, भीतीच्या आधाराने चालत होती. भीती मोडली तेव्हा ती थांबली. भीती पुन्हा बसवायची तर जो माणूस निर्भयपणाचा नमुना झाला आहे, त्याला एकटे पाडायला हवे, बदनाम करायला हवे, लोकांपासून तोडायला हवे. सभाबंदी, हद्दपारी, खटल्याविना तुरुंग ही सगळी माणसाला लोकांपासून तोडण्याची साधने आहेत.

पाळतीचा जाच एकट्या नेत्याला होतो असेही नाही. गोदूताई शिकलेल्या होत्या, कायदा जाणत होत्या, त्यांच्या अटकेची बातमी वर्तमानपत्रात येई. ज्या वारल्याच्या झोपडीत त्या रात्र काढत, त्याच्या पाठीवरच्या वळांची बातमी कुठे छापून येत नसे. गोदूताईंना याची जाणीव होती, म्हणूनच त्यांचे लेखन स्वतःभोवती फिरत नाही.

'जेव्हा माणूस जागा होतो'

वारल्यांच्या उठावाची कहाणी गोदूताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या बाईच्या बोलण्याचे वृत्तांत पोलीस चोरून लिहीत होते, तिच्या लिहिण्याचा सन्मान देशाच्या सर्वोच्च साहित्यसंस्थेने केला. पुस्तक कोणत्याही घरात वाचता येईल असे आहे. भाषा साधी, वाक्ये छोटी, माणसे जिवंत. राजकीय मते पटोत वा न पटोत, वाचून झाल्यावर वेठ हा शब्द पूर्वीसारखा हलकेपणाने उच्चारता येत नाही.

पुढेही त्या थांबल्या नाहीत. जंगलजमिनी, मजुरी, आदिवासी मुलांचे शिक्षण या कामांत राहिल्या. आदिवासी प्रगती मंडळातर्फे तलासरीत शाळा आणि वसतिगृहाचे काम उभे राहिले. तिथल्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तलवाड्याच्या हुतात्मा दिनाला दोन दिवस उरले होते.

आपल्या उंबऱ्यावरचा इतिहास

दादरा नगर हवेलीतही त्या काळी परिस्थिती वेगळी नव्हती. अल्वारा पद्धतीने दिलेल्या जमिनी मोजक्या लोकांच्या हाती होत्या आणि कसणारे बहुतेक आदिवासी होते. १९५४ च्या लढ्यात युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांच्याप्रमाणे कम्युनिस्ट कार्यकर्तेही उतरले होते. सीमेपलीकडे वेठ बंद झाली आहे, ही बातमी अलीकडच्या वारल्यांना कळायला अडचण नव्हती. त्यांची सोयरीक दोन्हीकडे होती, आजही आहे. इथली अल्वारा पद्धत मोडायला मात्र १९७१ चा जमीनसुधारणा कायदा यावा लागला.

आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे नोकरी-धंद्यासाठी इथे आली आणि स्थिरावली. आपण इथे गणपती बसवतो, मराठी शाळेची काळजी करतो, दिवाळी अंकांची देवाणघेवाण करतो. हे सारे हवेच. पण आपल्या भाषेतल्या एका बाईने या मातीतल्या लोकांसाठी आयुष्य वेचले, हाही आपलाच वारसा आहे. तो सांगताना तिचा पक्ष कोणता होता, हे लपवण्याचे कारण नाही आणि तेवढ्यावरून तिला दूर ठेवण्याचेही कारण नाही.

झरी आणि तलासरी सिल्वाशाहून गाडीने फार दूर नाहीत. १० ऑक्टोबरला तिकडच्या लोकांची आजही हुतात्म्यांना अभिवादन करण्याची रीत आहे. पुढच्या सहलीचा बेत आखताना एखाद वर्षी तो दिवस धरावा आणि त्याआधी मुलांकडून गोदूताईंच्या पुस्तकातली काही प्रकरणे मोठ्याने वाचून घ्यावीत. मुले प्रश्न विचारतील. जमीन कोणाची होती, पोलीस कोणाच्या बाजूने होते, बाई घाबरल्या का नाहीत. उत्तरे देताना आपल्यालाही थोडे थांबून विचार करावा लागेल.